पडद्यावरचा चिखल

धानाच्या रोवणीच्या शेवटच्या दिवशी मुर्री गावात आमच्या शेतावरच्या बाया मालकाच्या घरच्यांना चिखलाने माखतात. कोणी सुटत नाही. त्या दुपारी मी मात्र खोलीला आतून कडी लावून बसले होते, कारण माझा तारा मरायला टेकला होता.

मी दुर्बिणींसाठी सॉफ्टवेअर लिहिते. लांब लांब उभ्या चार दुर्बिणींतला प्रकाश एकावर एक पाडला की काळे-पांढरे पट्टे उमटतात. त्या पट्ट्यांवरून माझा प्रोग्राम ताऱ्याचा झगझगाट कापून काढतो. शेजारी ग्रह असलाच तर तेवढा ठिपका उरतो. ताऱ्याला जिवे मारल्याशिवाय ग्रह दिसत नाही, आणि मला ते मारणं मनापासून आवडतं. निम्म्या नोंदींतून एक ठिपका आला होता. उरलेल्या निम्म्यांतूनही त्याच जागी आला तर खरा, नाहीतर यंत्राची लबाडी. संध्याकाळच्या आत कळवलं नाही तर दुर्बिणी दुसरीकडे वळणार होत्या, आणि तारा पुढल्या वर्षापर्यंत सूर्याआड. मशीन मध्येच बंद पडलं की सगळं पहिल्यापासून.

दादाने लाथ घालून कडी उखडली. "सारे धानाच्या बांधीत, अन् तू काऊन बसून राहिली वं?" दोन्ही हातांचा चिखल त्याने माझ्या तोंडाला फासला. बाया दारात हसत होत्या. मीही हसले असते, पण त्याचा पुढचा गोळा पडद्यावर फुटला.

मी पाण्याचा पितळी गडवा उचलून त्याच्या कपाळावर हाणला. त्याने वेणी धरून मला भिंतीवर आदळलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. तोंडात चिखल आणि रक्त. हसणं थांबलं. त्याने मशीनच्या वायरला हात घातला.

"ओढून तर पाह्य! जीव घेईन तुहा!" मी किंचाळले, आणि घेतलाही असता.

वहिनी मध्ये घुसली. "मरा दोघंबी, पन बाहेर जाऊन मरा."

तेवढ्यात प्रोग्रामचं काम संपल्याची घंटी वाजली. पडद्यावर नुसता चिखल. मी फडकं शोधू लागले. दादाच धापा टाकत पुढे झाला आणि बाहीने पुसू लागला. एकेक डाग निघत गेला. एक उरला. त्याने थुंकी लावून अंगठ्याने घासला, परत घासला. त्याच्या कपाळाचं रक्त कीबोर्डवर गळत होतं.

"हे निघून नाही राहिलं," तो म्हणाला.

मी आधीच्या ठिपक्याशी जागा ताडून पाहिली. तीच होती.

"घास दादा, जोरानं घास," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.