मुर्रीतला समुद्र

पाण्याचा कॅन दारात ठेवला की काकाजी आधी खिशातून पेनासारखं मीटर काढायचे. झाकण उघडून ते पाण्यात बुडवायचे, चष्मा कपाळावर सारून आकडा बघायचे आणि शून्य दिसल्यावरच कॅन आत घ्यायचे. "तुमच्यावर भरोसा आहे जी," ते म्हणायचे, "पाण्यावर नाही."

आमच्या मुर्री गावाच्या रस्त्यावर माझा पाणी शुद्ध करायचा छोटा प्लांट आहे. लग्नांना, दुकानांना, घरोघरी कॅन पोचवतो. लोक पाणी थंड आहे का एवढंच विचारतात. त्यात काय काय विरघळलं आहे हे विचारणारं गिऱ्हाईक मला एकच भेटलं. पहिल्यांदा त्यांनी माझा कॅन परत केला तेव्हा मला रागच आला. "काकाजी, सारी मुर्री हेच पाणी पिऊन राहिली," मी म्हणालो.

"माणसं पिऊन राहिली. माणसाले काही बी चालते," असं म्हणून त्यांनी मला हाताला धरून आत नेलं.

समोरच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी टीव्हीएवढी काचेची टाकी होती. आत खारं पाणी, पांढरी वाळू, दगडांवर फुलांसारखी उमललेली जांभळी-हिरवी प्रवाळं आणि पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे. आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे बोदलकसा तलाव, नाहीतर इटियाडोह धरण. समुद्र मी तोवर सिनेमातच पाहिला होता. त्या दिवशी मी परत आलो आणि काकाजींच्या कॅनसाठी एक जादा फिल्टर बसवला.

काकाजींचा जन्म राईस मिलची यंत्रं दुरुस्त करण्यात गेला. निवृत्त झाल्यावर ते काकूंना घेऊन पुरीला गेले. काकू वाळूवर बसल्या त्या उठायला तयार होईनात. पुढे काकूंना विसरण्याचा आजार जडला आणि प्रवास संपला. मग काकाजींनी नागपूरहून काच, पंप, मीठ, मासे असं एकेक आणून टाकी उभी केली. "हिले तिथं नेता येत नाही, तं समुद्रच घरी आणला," एवढंच ते सांगायचे. काकूंना मुलाचं नाव आठवायचं नाही, पण टाकीसमोरच्या खुर्चीत बसल्या की त्या जेवायच्या, औषध घ्यायच्या. दुसरीकडे कुठे घास तोंडात जायचा नाही. म्हणून ती टाकी जिवंत राहणं भाग होतं.

आणि तिच्यातच एका उन्हाळ्यात लाल साय धरू लागली. वाळूवर मखमल अंथरल्यासारखी दिसायची. दुपारपर्यंत तिच्यावर बुडबुडे यायचे. हळूहळू ती दगडांवर चढली आणि प्रवाळं झाकू लागली. मी तिला शेवाळ म्हणालो.

"शेवाळ नाही जी, जिवाणू आहेत हे. पण झाडासारखे उजेडावर जगतात. याइले मारून संपवता येत नाही, उपाशी ठेवता येते."

उपाशी ठेवणंच तर जमत नव्हतं. माशांना खाऊ घातलं हे काकू पाच मिनिटांत विसरायच्या आणि पुन्हा घालायच्या. काकाजींनी खाद्याची डबी लपवली, तर त्या स्वयंपाकघरातून मूठभर भात आणू लागल्या. त्यांचं माहेर तिरोड्याकडे. लहानपणी तळ्याच्या पायऱ्यांवरून माशांना भात टाकलेला, आणि धानाच्या मुलखात कोणी उपाशी राहिलेलं बघवत नाही. तो भात खाऱ्या पाण्यात कुजायचा आणि साय दुप्पट जोमाने वाढायची.

मी शहाणपणा केला. "काकाजी, स्वयंपाकघराले कुलूप लावा."

"घर तिचं आहे," ते म्हणाले. "मी कायले कुलूप लावू?"

नागपूरच्या दुकानदाराने दोन उपाय सांगितले होते. एक औषधाचा. त्याने साय भराभर मरते, पण मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे दगावू शकतात. काकाजींनी ते टाळलं. दुसरा उपाय अंधाराचा, म्हणजे टाकी तीन दिवस झाकून ठेवायची. त्यांनी तिच्यावर चादर टाकली. मी कॅन घेऊन गेलो तेव्हा काकू डोक्यावर पदर घेऊन जमिनीवर बसल्या होत्या. मला हळूच म्हणाल्या, "कोण गेलं जी?"

काकाजींनी चादर काढली, नीट घडी केली आणि कपाटात ठेवून दिली.

मग उरले हात. रोज सकाळी ते पातळ नळीने साय ओढून बादलीत काढायचे आणि कॅनच्या पाण्यात मीठ कालवून तेवढंच नवं खारं पाणी भरायचे. पूर्वी त्यांना आठवड्याला एक कॅन लागे. मग दोन झाले, मग चार. काकूंचा आजार किती वाढला हे मला असं दारातच कळायचं. तुम्ही म्हणाल, भोक न बुजवता हंडा भरत राहायचं हा कसला उपाय? मीही एकदा तेच म्हणालो. "किती दिवस करान हे?"

"मिलमधी कोंडा रोज पडे," ते म्हणाले. "रोज झाडत होतो. कोंडा पडते म्हणून कोणी मिल बंद करते का?"

गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले. सकाळी चहा घेता घेता मान कलली, बस्स. मुलगा पुण्याहून आला. दिवस झाल्यावर तो आईला घेऊन जाणार होता, आणि त्यात त्याचं काही चुकत नव्हतं. टाकी एवढ्या लांब नेण्यासारखी नव्हती. मासे आणि प्रवाळं दुकानदार घेऊन जाणार होता.

निघायच्या सकाळी मी भेटायला गेलो. तेवढ्या दिवसांत साय काचेपर्यंत चढली होती, प्रवाळं मिटली होती. काकूंनी शेवटचं हे पाहून जाऊ नये, एवढंच मला वाटलं. काकाजींची नळी खिळ्याला लटकत होती. मी बादली घेऊन बसलो. पण माझा हात कॅन उचलणाऱ्याचा. साय फाटली आणि पाणीभर लाल चिंध्या झाल्या.

"हळू," मागून काकूंचा आवाज आला. त्या खुर्चीत बसल्या होत्या. "आधी कड उचला. ते कडेपासून काढतात."

मी कडेपासून सुरुवात केली. साय सलग निघाली. पहिला दगड मोकळा झाला तेव्हा काकू उठल्या आणि टाकीवर मूठ धरली. मुठीत भात होता.

"नका टाकू, काकू," मी म्हणालो. "मग रोज साफ करा लागते."

"तेच तं," त्या म्हणाल्या. "मिल सुटली तवापासून त्याइले रिकामं बसवत नाही. मी टाकते, ते काढतात."

त्यांनी मूठ उघडली. मी अडवलं नाही. मुलाने गाडी आल्याचं सांगितलं आणि आईला हात धरून नेलं. दुकानदार दुपारी येणार होता. तरी गाडी गेल्यावर मी परत टाकीसमोर बसलो आणि भाताची शितं एकेक करून काढली.