हेमाताई आणि गेम न चालणारा लॅपटॉप

हेमाताई मिक्सर घ्यायला निघतात तेव्हा पिशवीत भिजवलेली उडदाची डाळ असते. दुकानात गेल्या की डबा काउंटरवर ठेवायचा, झाकण उघडायचं आणि विक्रेत्याला सांगायचं, "हं, वाटून दाखवा." तो बिचारा कंपनीचं माहितीपत्रक पुढं करतो. ताई ते उलटंसुलटं बघून परत देतात. "पत्रकाचे वडे होत नाहीत हो. डाळ वाटा."

पंखा घ्यायचा असेल तर तो तासभर फिरवत ठेवायला लावतात आणि खाली स्टुलावर डोळे मिटून बसतात. प्रवासाची बॅग घेताना तिच्यावर बसून बघतात, आणि ताईंचा बांधा लक्षात घेता बॅगेची ती खरोखरच परीक्षा असते. सहकारी बँकेतली नोकरी संपून चार वर्षं झाली, पण त्यांना ओळखतात ते बँकेमुळं नव्हे. सहकारनगरातल्या त्यांच्या सोसायटीत आणि दोन्हीकडच्या नातेवाइकांत कुणाच्याही घरात जा, एखादी तरी वस्तू ताईंनी तावून सुलाखून आणलेली सापडणारच. बुधवार पेठेतले जुने दुकानदार तर त्या कोपऱ्यावर दिसल्या की आत चहा प्यायला जातात आणि नव्या पोराला गल्ल्यावर बसवतात. ताईंनी स्वतः न तपासता घरात आलेली एकच गोष्ट म्हणजे त्यांचे यजमान अनंतराव. ते घरच्यांनी पसंत केले होते. हे ताई अधूनमधून सांगतात, अनंतराव समोर असतानाच सांगतात, आणि अनंतराव पेपराचं पान उलटतात.

पण गेली दोनेक वर्षं ताईंचा धंदा बसला होता. लोक फोनवर बोट फिरवतात आणि फ्रिज दारात येतो. शेजारच्या नंदानं तर डाळ न वाटता मिक्सर मागवला, आणि वर तो चांगला निघाला. ताईंना त्याचं फार वाईट वाटलं. मिक्सर चांगला निघाल्याचं नव्हे, आपल्याला कुणी विचारलं नाही याचं. त्या तसं बोलल्या नाहीत, पण महिनाभर नंदाकडच्या इडल्यांना नावं ठेवत होत्या.

त्यामुळं धाकट्या भावाचा, सलिलचा, फोन आला तेव्हा त्या उडायच्याच बाकी राहिल्या. सलिलच्या मुलीला, स्पृहाला, लोणी काळभोरच्या पुढं एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रवेश मिळाला होता. ती तिथंच हॉस्टेलवर राहणार होती आणि तिला लॅपटॉप घ्यायचा होता.

"ताई, तूच जा तिच्याबरोबर," सलिल म्हणाला.

"जाते की. मला त्यातलं काही कळत नाही, पण दुकानदारातलं कळतं."

"तसं नाही. म्हणजे, तू बघशीलच म्हणा. पण म्हणजे…"

ताकाला जाऊन भांडं लपवायची सलिलची जुनी सवय. ताई गप्प राहिल्या. त्या गप्प राहिल्या की समोरचा आपोआप बोलतो, बँकेतसुद्धा त्या असंच करायच्या.

"तिला गेमचं वेड आहे गं. रात्र रात्र खेळते. आता हॉस्टेलवर बघायलाही कुणी नाही. तेव्हा असा घे, की कॉलेजचं सगळं होईल, पण गेम चालणार नाहीत. मी सांगितलं तर थयथयाट करेल. तू म्हणालीस की हाच चांगला, तर ऐकेल. तू दुकानात उभी राहून दोष बरोबर शोधतेस ना? या वेळीही शोध. फक्त ज्यात सापडेल, तोच घे."

ताई हो म्हणाल्या. भावाची मुलगी, भावाचे पैसे, आणि मुख्य म्हणजे कुणीतरी विचारलं होतं. फोन ठेवल्यावर मात्र त्यांना चमत्कारिक वाटायला लागलं. चाळीस वर्षांत त्यांनी घरी एकही खोट असलेली वस्तू येऊ दिली नव्हती, आणि आता खोट मुद्दाम निवडून आणायची होती.

शनिवारी सकाळी दोघी बुधवार पेठेत उतरल्या. गणपतीला बाहेरूनच हात जोडून त्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीत शिरल्या. स्पृहा अठराची, आत्यासारखीच थेट. चालता चालता म्हणाली, "आत्या, तुला आधीच सांगते. मला त्यावर गेम खेळायचेत. असाइनमेंट वगैरे करीनच, पण गेमपण खेळणारे. बाबांनी तुला काय सांगितलंय ते मला माहितीये."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला? ते बाल्कनीत उभे राहून फोन करतात. अख्ख्या सोसायटीला माहितीये."

ताईंना हसू आलं, ते त्यांनी पदराआड केलं. "पैसे तुझ्या बाबांचे आहेत. चल मुकाट्यानं."

दुकान अरुंद पण खोल होतं. मालक हिंमतराव यांच्या घरानं दोन पिढ्या रेडिओ विकले, मग टीव्ही, आणि आता लॅपटॉप. ताईंना बघून ते चहाला निघालेच होते, पण उशीर झाला होता.

"या ताई. आज काय वाटायचंय?"

"लॅपटॉप. कॉलेजला. पंचावन्न हजारांच्या वर एक रुपया नाही."

हिंमतरावांनी एक चपटा, चंदेरी लॅपटॉप काढला. दिसायला देखणा, वजनाला पापड. ताईंनी तो हातात धरला, बटणं दाबून बघितली, झाकण दहा वेळा उघडलं, मिटलं. मग नेहमीचा प्रश्न केला. "यात सगळ्यात जड काम कोणतं असतं?"

"जड म्हणजे गेमच. त्याहून जड काही नाही."

"लावा मग."

स्पृहानं आत्याकडं बघितलं. हिंमतरावांनी एक गेम लावला. घाटातला रस्ता, लाल गाडी. ताईंनी खुर्ची ओढली आणि बाण असलेल्या बटणांवर बोटं ठेवली. सपाटीवर गाडी बरी चालली. घाट लागला आणि ती अडखळू लागली. थांबायची, एकदम पुढं उडी मारायची, पुन्हा थांबायची. शेवटी चढावर चित्रच गोठलं. मागून येणाऱ्या गाड्या बाजूनं निघून गेल्या.

"लॅग होतंय," स्पृहा हळूच म्हणाली. "ग्राफिक कार्ड नाहीये यात. म्हणजे वाटणाला वेगळी मोटर नाही."

"पण कॉलेजचं काम होईल?" ताईंनी विचारलं.

"आरामात," हिंमतराव म्हणाले. "लिहिणं, वाचणं, प्रोजेक्ट, सगळं. फक्त गेम नाही."

म्हणजे काम फत्ते. सलिलनं सांगितलं होतं अगदी तसाच. कॉलेजपर्यंत जाईल, त्याच्या पुढं जाणार नाही. ताईंनी पर्स उघडायला हात घातला आणि तो तिथंच राहिला.

कारण हे वाक्य त्यांनी आधी ऐकलेलं होतं.

ताई स्वतः कॉलेजात जाऊ लागल्या तेव्हा वडिलांनी त्यांना सायकल घेऊन दिली होती. जुनी, पण रंग मारलेली. घरापासून कॉलेजपर्यंत झकास चालायची. एका रविवारी मैत्रिणींनी खडकवासल्याला जायचं ठरवलं, दशम्या, चटणी, सगळं बांधून. धायरी फाट्याच्या अलीकडंच हेमाच्या सायकलची चेन पडली. बसवली, पुन्हा पडली. मैत्रिणी थोडा वेळ थांबल्या, मग तिनंच त्यांना पुढं जायला सांगितलं आणि सायकल हातात धरून उन्हातून परत आली. पुढच्या वेळीही तेच झालं. त्यानंतर तिनं जाणंच सोडलं. आपल्यालाच सायकल नीट चालवता येत नाही, असं तिला कितीतरी दिवस वाटत होतं.

खरं काय ते कळलं तिच्या लग्नात. वडील व्याह्यांना पंगतीत मोठ्या कौतुकानं सांगत होते, "आमच्या हेमाची सायकल मी दुकानदाराला सांगून निवडून घेतली होती. म्हटलं, कॉलेजपर्यंत जाईल, त्याच्या पुढं जाणार नाही अशी दे. मुलीची जात, कुठं हिंडत बसायची!" सगळे हसले. नवी नवरीही हसली, कारण नव्या नवरीनं हसायचं असतं. पण संसाराला पहिला मिक्सर घ्यायची वेळ आली तेव्हा ती पिशवीत डाळ घेऊन गेली. लोकांना ती हौस वाटली.

"काकू, देऊ का पॅक करून?" काउंटरवरच्या पोरानं विचारलं.

"नको," ताई म्हणाल्या. "ज्याच्यावर गाडी घाट चढते तो दाखवा."

स्पृहानं चंदेरी लॅपटॉपचं झाकण हळूच मिटून टाकलं. आत्याचा विचार बदलेल, अशी तिला भीती होती.

हिंमतरावांनी काळा, जाडजूड लॅपटॉप पुढं ठेवला. गाडी घाट चढली. ताईंनी ती पुन्हा चढवली. मग दरीत पाडली, पुन्हा काढली, एका ट्रकला मुद्दाम धडक दिली. पंख्याचा आवाज डोळे मिटून ऐकला. तासाभरानं स्पृहा म्हणाली, "आत्या, बास की. तपासून झालं."

"गप गं. हा निळा गाडीवाला पुढं जातोय."

निळ्याला मागं टाकून झाल्यावर किंमत विचारली. बजेटच्या बरीच वर होती. मग ताईंनी पदर खोचला. मॉडेल मागच्या वर्षीचं होतं, आणि पीस वर्षभर काचेत चालू ठेवलेला. हिंमतराव ही उणी बाजू म्हणून सांगायला गेले, तर ताई म्हणाल्या, "वर्षभर चालू राहून टिकला, म्हणजे तपासलेला. पण वापरलेला तो वापरलेलाच. तेव्हा पैसे कमी करा, आणि बॅटरी नवी घालून द्या." हिंमतरावांनी छताकडं बघितलं, घामही पुसला, पण पंचावन्नात दिला. चहा मात्र पाजला नाही.

संध्याकाळी सलिलच्या घरी खोकं उघडलं. सलिल स्वतः हिंजवडीत कंपनीत मॅनेजर. लॅपटॉपची जाडी बघूनच त्याचा चेहरा पडला. त्यानं बहिणीला स्वयंपाकघरात बोलावलं.

"ताई, यावर गेम चालतात?"

"उत्तम चालतात. मी स्वतः चालवून बघितलेत. दुसरी आले."

"अगं पण मी तुला काय सांगितलं होतं?"

"सांगितलं होतंस की गेम चालणार नाहीत असा घे. तो पण बघितला. मला घेववला नाही."

"का पण? वाया जाईल ती पोरगी!"

"गेली तर मला विचार. बस इथं." ताईंनी त्याला स्टूल दिलं आणि सायकलची गोष्ट सांगितली. चेन, धायरी फाटा, लग्नातली पंगत, सगळं. आवाज चढवला नाही. सलिल ऐकत राहिला. वडिलांबद्दल असं काही आपल्याला माहीत नसावं, याचंच त्याला आधी नवल वाटलं आणि मग लाज वाटली. बाहेरच्या खोलीत स्पृहानं गेम लावला होता. बापाच्या पावलांची चाहूल लागली तर बंद करता यावा, म्हणून आवाज अगदी बारीक ठेवला होता.

"त्या पंगतीत मीही होतो ना?" सलिलनं विचारलं.

"वाढत होतास. जिलबी."

"मला आठवत नाही. आणि सायकलचं तर कधी कळलंच नाही. तू परत यायचीस, तेव्हा मी कुठं असायचो?"

ताईंनी गॅसवर चहाचं आधण ठेवलं.

"तू खडकवासल्याला गेलेला असायचास," त्या म्हणाल्या. "नव्या सायकलवर."

सलिल स्टुलावरून उठला. मग दाराशी गेला आणि बाहेर बघत म्हणाला, "स्पृहा, आवाज वाढव. ऐकू येत नाहीये."