चंद्रीचं कुरण आणि एकच मॅच

आमच्या घरात घोड्यांतलं सगळ्यात कमी ज्याला कळतं, त्याच्याकडे घोडीचं कुरण सुधारायचं काम आलं. म्हणजे माझ्याकडे.

घोडी माझ्या वडलांची, आबांची. नाव चंद्री. एके काळी ती शर्यतीत गाडी ओढायची; आता ती आणि आबा, दोघंही निवृत्त. आम्ही राहतो त्या शिवाजी पेठेत घोडी ठेवायला जागा कुठली? म्हणून ती नदीकडच्या आमच्या रानाच्या तुकड्यात असायची. तिथलं गवत तिनं इतक्या निष्ठेनं खाल्लं, की जमिनीला टक्कल पडलं. शेवटी मुळांबरोबर माती पोटात जाऊन तिला पोटशूळ उठला. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "नवीन गवत पेरा. ते मूळ धरेपर्यंत घोडीला आत सोडू नका."

बायकोनं निकाल दिला, "दिवाळीपतोर गवत न्हाय आलं, तर घोडी नेसरीला माझ्या भावाकडं! तिथं माळ हाय."

आबांनी हातातला घास ताटात ठेवला. आबांनी घास टाकलेला मला बघवत नाही. मी म्हणून टाकलं, "मी करतो कुरण!"

"तू?" आबा म्हणाले. (आमच्या दारातली तुळस माझ्याच देखरेखीखाली दोनदा वाळली होती.)

रान नांगरलं. गवताचं बी कापसासारखं हलकं. पहिली मूठ मी ऐटीत उधळली, ती वाऱ्यानं थेट शेजारच्या उसात नेली. (त्यांचा बांध अजून हिरवागार आहे!) आबा ओरडले, "अरं, वल्ल्या मातीत कालव की आधी!" मग कालवून पेरलं, कुंपण घातलं आणि चंद्रीला बाहेर बांधलं. ती कडबा चघळत आत बघत बसायची.

आणि गवत आलं! खरंच आलं! मी रोज संध्याकाळी तिथं खुर्ची टाकून बसू लागलो. वारा सुटला की सगळं रान एका अंगावरून दुसऱ्या अंगावर वळायचं. नदीकडून धुकं यायचं, आणि त्यात मला चंद्री पोटापर्यंत गवतात उभी दिसायची. मागे आबा, गालात हसत. इतकं सुख मला नोकरीतसुद्धा कधी मिळालं नव्हतं. बायको म्हणायची, "घोडीपरास तुमीच जास्त चरायलाय तिथं!"

दिवाळी झाली. चंद्रीला आत सोडायचा रविवार ठरला. शनिवारी पेठेतल्या तालमीची माणसं आली. (आमच्याकडच्या तालमी कुस्तीपेक्षा फुटबॉलच जास्त खेळतात.)

"पावणं, काय मैदान केलंय वो! नाद खुळा!"

"मैदान न्हाय, कुरण हाय. घोडीसाठी," मी म्हणालो.

"व्हय की, कुरणच. पर गोल कुठल्या अंगाला लावायचा?"

मी नाही म्हणणारच होतो. पण मीही पेठेचाच. फुटबॉलला नाही म्हणायला आमच्या जिभेला वळणच नाही! शिवाय ते म्हणाले, "तुमीच प्रमुख पाहुणं." मी म्हणालो, "एकच मॅच हं!"

"गवात जरा उच्चं हाय," ते प्रेमानं म्हणाले. "तुमी तरास घिऊ नका, आमीच कापतो."

रविवारी अख्खी पेठ कुंपणाच्या आत होती. मला फेटा बांधला, हार घातला. आबा काठी उगारत आले, "कुणी शिरवलं रं ह्यास्नी?" मी तोंड उघडणार, तेवढ्यात समोर एक चेंडू वाया गेला. आबा किंचाळले, "अरं, पास दी की!" आणि काठी टेकून रेषेवरच बसले. मॅच बरोबरीत सुटली, म्हणून जादा वेळ खेळवला. तो संपला तेव्हा रानात चिखल आणि मी, एवढंच उरलं होतं. कापलेलं गवत पायाखाली मातीत गेलं होतं. मी भाषणाला उभा राहिलो, तर दावं तोडून आलेल्या चंद्रीनं मागून माझा हार खाल्ला.

दुसऱ्या दिवशी बायकोनं बोलावलेला नेसरीचा टेम्पो आला. चंद्री चढली. तिच्या मागोमाग पिशवी घेऊन आबाही चढले! घर सुनं झालं. मला खरोखर रडू आलं.

आठवड्यानं आबांचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"चंद्री झ्याक हाय रं. हितं गवात गुडघ्याएवढं हाय."

"आबा, मी येऊ का भेटायला?"

पलीकडे आबांनी आधी चंद्रीला चुचकारलं.

"ये की. पर येताना हात खिशात घालून ये. हितलं काय सुदरायला जाऊ नगंस!"