कापूस सिस्टरचे हात

माझ्या मोठ्या जाऊबाई दवाखान्यात सिस्टर होत्या. वेळेआधी जन्मलेली, तळहातावर मावतील एवढी बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, त्या वॉर्डात. तिथल्या एका थट्टेखोर डॉक्टरांनी त्यांचं नाव पाडलं होतं, कापूस. सुई टोचायची असो की नाकातली नळी बदलायची असो, ताईंचा हात लागला की बाळ रडायचं विसरायचं. "कापूस सगळा तिकडेच संपतो, घरी नुसती सरकी येते," असं भाऊजी म्हणायचे, आणि मग त्यांना दुसरा चहा स्वतः करून घ्यावा लागायचा.

वॉर्डात प्रत्येक बाळाला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचे, हा नियम. ताईंना तेवढं धुणं पुरेसं वाटायचं नाही. कढत पाणी, कोपरापर्यंत साबण, नखांना ब्रश. घरी आल्यावर पुन्हा तेच. वर्षानुवर्षं त्यांचे हात या गोष्टी मुकाट सोसत आले. मग एकदा अंगठीखाली लाल चट्टा उठला. ताईंनी अंगठी काढून कपाटात ठेवली. चट्टा बोटांवर पसरला, कातडी कागदासारखी कोरडी झाली आणि अंगठ्याच्या बेचक्यात पहिली चीर पडली. भाजीला मीठ घालताना त्यांचा हात मागे सरकलेला मी पाहिला.

"ताई, दाखवा बघू."

"काही नाही गं, कोरडे पडलेत."

शेजारीण म्हणाली, लिंबू-साखर चोळा, मेलेली कातडी निघून जाईल. ताईंनी चोळलं. खाज म्हणजे जंतू, असं धरून जंतुनाशकाच्या पाण्यात हात बुडवून बसल्या. इतरांना असं करू नका म्हणून सांगणारी बाई, पण स्वतःवर वेळ आली की माणसाचं शिक्षण कुठे जातं कोण जाणे. मग औषधाच्या दुकानातून विचारून एक ट्यूब आणली. तिने जादू केली. हात गुळगुळीत झाले. ट्यूब थांबवली की पहिल्याहून वाईट व्हायचे, म्हणून ताई ती लावतच राहिल्या. शेवटी कातडी इतकी पातळ झाली की टॉवेल घासला तरी रक्त यायचं.

तेव्हा मी त्यांना ओढतच कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि विचारलं, "किती धुता?"

"लागेल तेवढे."

"कातडी म्हणजे भिंत समजा. विटांच्या सांध्यांत सिमेंट असतं ना, तसा पेशींच्या मधे एक तेलकट थर असतो. तुम्ही तो धुऊन काढलात. आता आतला ओलावा उडून जातोय आणि बाहेरचं वाटेल ते आत शिरतंय. राहिलेलं काम तुमच्या त्या स्टिरॉइडच्या ट्यूबने केलं."

"मग भिंत परत बांधायची कशी?"

"तुम्ही बांधायची नाहीच. ती आपली आपण बांधते. तुम्ही फक्त पाडायचं थांबवा."

कोमट पाणी. फेस न करणारा सौम्य साबण, तोही जेवढ्यास तेवढा. हात चोळून पुसायचे नाहीत, टिपायचे, आणि ओलसर असतानाच घट्ट, बिनवासाचं मलम लावायचं. भांड्यांना हात लावायचा तर आत सुती हातमोजे, वर रबरी. ट्यूब एकदम न सोडता हळूहळू कमी करायची. "आणि एक लक्षात ठेवा," बाई म्हणाल्या, "वरून बरे दिसतील तेव्हा आतून अर्धेच झालेले असतील. तेव्हा घाई करू नका."

ताईंनी रजा घेतली. भांडी भाऊजींकडे आली. त्यांनी बश्यांची संख्या बरीच आटोक्यात आणली, पण तक्रार केली नाही. संध्याकाळी ताई मलम लावून, पांढरे मोजे घालून बसायच्या. भाऊजी म्हणायचे, "नवरी दिसतेयस." आणि ताई हसायच्या. चिरा बुजल्या, लाली उतरली. त्या घरात हलकं वाटलेले तेच शेवटचे दिवस.

वॉर्डात माणसं कमी होती. इन्चार्ज सिस्टरचा फोन आला. मी म्हटलं, "बाईंनी घाई नको म्हटलंय."

"दिसतात ना बरे? तिथे एकेकीवर किती बाळं पडतात, तुला कल्पना नाही."

त्या गेल्या, आणि हात पुन्हा फाटले. साबणाऐवजी चोळायचं स्पिरिटचं द्रावण धड कातडीला साबणापेक्षा बरं सोसतं, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. पण उघड्या चिरांवर ते निखाऱ्यासारखं लागायचं. ताई पुन्हा साबणाकडे वळल्या. चिरा कोणाला दिसू नयेत म्हणून लवकर मोजे चढवायला लागल्या.

त्या सुमारास वॉर्डात एक मुलगी होती. तिची आई पेटीच्या काचेला कपाळ लावून बसायची. मुलगी वजन धरू लागली होती, आणि ताई घरी येऊन तिच्याबद्दल बोलायच्या, की आज बोट धरलं, आज जांभई दिली. मग तिच्या रक्तात जंतू शिरले. दोन दिवसांत ती गेली.

सगळ्यांच्या हातांची तपासणी झाली. ताईंच्या चिरांमध्ये तोच जंतू निघाला. तो बेसिनच्या नळावरही निघाला आणि आणखी दोघींच्या हातांवरही. मोठ्या डॉक्टरांनी ताईंना समोर बसवून सांगितलं, "सिस्टर, तो कुठून गेला हे कोणीच सांगू शकणार नाही. मीही नाही."

घरी येऊन ताईंनी मला हे शब्दन् शब्द सांगितलं. मग म्हणाल्या, "माझ्यावरून गेला."

"ताई, त्यांनी तसं म्हटलं नाही."

"तिला मीच जास्त घ्यायचे."

भाऊजी उठून आत गेले.

ताईंची बदली चादरी-कपड्यांच्या कोठारात झाली. तिथे पाण्याचा संबंध नाही. त्या तेव्हापासून डॉक्टरीणबाईंचं सगळं तंतोतंत पाळतात, एकही वेळ चुकवत नाहीत. वर्षभराने हात खरोखर बरे झाले. बाईंनी भिंगातून पाहून सांगितलं, काळजी घेतलीत तर वॉर्डात परत जाता येईल. इन्चार्ज सिस्टरने दोनदा विचारलं. ताई "नको" म्हणाल्या, तिसऱ्यांदा कोणी विचारलं नाही. त्यांच्या जागी नवी मुलगी आली आहे, चांगली आहे म्हणतात.

पुढे मला मुलगी झाली. दिवस पूर्ण भरलेली, चांगली ठणठणीत. दवाखान्यातून आणली तेव्हा सगळ्यांनी आळीपाळीने घेतली. ताई दारात उभ्या होत्या, हात पाठीमागे.

"घ्या ना ताई."

"राहू दे. झोपलीय."

ती झोपलेली नव्हती, चांगली टकामका बघत होती. मी तिला पुढे केलं तशा ताई मागे सरकल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागून गेले. त्या ओट्याशी नुसत्या उभ्या होत्या. मी त्यांचा हात हातात घेतला. चिरा नाहीत, खरखर नाही, अगदी मऊ हात.

"बघा, काहीसुद्धा राहिलं नाही," मी म्हटलं.

"तुला दिसत नाही," ताई म्हणाल्या, आणि हात सोडवून घेतला.

मुलगी आता बोलायला लागली आहे. ताई तिच्यासाठी फ्रॉक शिवतात, खाऊ आणतात, तिची बडबड ऐकतात. खाऊ मात्र टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "तुझा तू घे."