आम्ही काढून टाकलेला पिवळा

माझा जुना दोस्त विलास गेला, असा फोन आला त्याला आता महिना होत आला. मी महाळुंग्याहून निगडीला पोहोचलो, तर त्याची बायको सुनंदावहिनी दारातच उभ्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टर विचारत होते, माणूस पिवळा कधीपासून दिसत होता? रोजच्या बघण्यात आम्हाला कळलंच नाही. तुम्हाला कधी जाणवलं?" मी म्हणालो, "न्हाई वहिनी." ते खोटं होतं... म्हणून हे लिहितोय.

मी चौथी शिकलेला. पण कारखान्यात तीस वर्षं पत्र्यावरची केसाएवढी चीर नुसत्या नजरेनं पकडली. विलास लोकांच्या घरी होम थिएटर बसवायचा, पिंपळे सौदागरच्या मोठमोठ्या सोसायट्यांत त्याचं नाव होतं. दिवाळीआधी तो माझ्याकडं आला, लेकीच्या लग्नाची जुनी टेप नव्या मोठ्या टीव्हीवर लावून द्यायला. चित्र फाटकं येत होतं, म्हणून त्यानं मध्ये एक काळा डबा जोडला, व्हिडिओ प्रोसेसर. म्हणाला, "टेपमधून आधी एकी ओळी येतात, मग बेकी. डबा त्या विणून एक चित्र करतो. तरी भरतात पाचशे-सहाशे, आणि तुझ्या पडद्याला लागतात दोन हजारांवर. मग मधल्या ओळी तो शेजारच्या बघून अंदाजानं भरतो."

"म्हणजे थापा मारतो."

"तुझ्यापेक्षा कमी, राव."

रंग लावायची त्याची रीत वेगळी. ज्या जुन्या कॅमेऱ्यातून टेप लावायची, तोच स्वतःच्या तोंडावर धरायचा आणि पडद्यावर कातडी खरी दिसेपर्यंत डब्याचे आकडे फिरवायचा. त्या दुपारी पडद्यावर त्याचं तोंड पिवळं आलं. डोळ्यांतलं पांढरंसुद्धा. मी लगेच पकडलं. "डबा पिवळा मारतोय." तो बघत राहिला... मग म्हणाला, "मला तर नीट वाटतंय." मी हट्टाला पेटलो. "माझी नजर चुकत न्हाई, विलास. काढ पिवळा." "बरं बाबा, तुझं खरं." तो एकेक आकडा खाली आणत गेला आणि मी "अजून, अजून" म्हणत राहिलो. शेवटी पडद्यावरचा विलास ठणठणीत दिसायला लागला. खरा विलास माझ्यापासून हातभर अंतरावर बसला होता. मान वळवून त्याच्याकडं बघायचं मला सुचलं नाही. मग टेप लावली, तर मांडवातली सगळी माणसं निळसर, गार पडल्यासारखी. मी म्हणालो, "टेप जुनी झालीय." तो वायरी गुंडाळायला लागला. दिवाळी सरली आणि तो दवाखान्यात गेला. कावीळ वरवरची होती, आत भलतंच वाढलेलं होतं.

जावई म्हणतो, "मामा, आकडे शून्यावर आणतो, मिनिटाचं काम." मी हात लावू देत नाही. मांडवातली ती माणसं जितकी निळी, तितका तो पिवळा होता. माझी नजर चुकली नव्हती... रविवारी सुनंदावहिनींना घरी बोलावलंय. आधी टेप लावणार आहे, मग बोलणार आहे.