दुसऱ्यांच्या गोठ्यातले मामा

माणसाला स्वतःचं जनावर स्वतः सांभाळता येतं, यावर माझ्या आत्याच्या यजमानांचा मरेपर्यंत विश्वास बसला नाही. सगळं गाव त्यांना मामा म्हणे आणि मामा सगळ्या गावाला नालायक म्हणत. पहाटे स्वतःच्या गोठ्याकडे ढुंकूनही न पाहता ते दुसऱ्यांच्या गोठ्यांत शिरत, शेण चिमटीत चुरडून पाहत, वासरांचे कान उलटे करून गोचीड शोधत, आणि मालक अंथरुणातून उठून येण्याआधीच त्याला शिव्या द्यायला लागत. घरची म्हैस आत्या सांभाळी. "हिचा मालक गावभर हिंडतोय," असं ती पाहुण्यांना म्हशीबद्दल सांगे, की स्वतःबद्दल, ते कधी कळलं नाही. एकदा दूध सोसायटीच्या चेअरमनची जर्सी गाय भर उन्हात बांधलेली दिसली, तर मामांनी ती सरळ सोडून हौदावर नेली. गाय चोरीला गेली म्हणून चेअरमन पोलीस ठाण्याला निघाले होते. "माझ्या गाईला हात कामून लावला?" असं त्यांनी दरडावल्यावर मामा शांतपणे म्हणाले, "दावं तुझं हाय. तहान तिची हाय."

तशी गावात सहकाराची कमतरता नव्हती. लिंबागणेशच्या बाजूच्या त्या एवढ्याशा गावात दुधाची सोसायटी होती, पतसंस्था होती, चाऱ्याचीही एक संस्था होती. चारा तेवढा नव्हता. प्रत्येकीच्या भिंतीवर एकजुटीचं वचन रंगवलेलं होतं. एकजूट अशी भिंतीवर सुरक्षित झाल्यामुळे कुणाला कुणाच्या दारात जायची गरज उरली नव्हती.

एका वर्षीच्या दुष्काळात मामांच्या शेजारणीचा, पारूबाईचा, मुलगा आणि सून ऊसतोडीला कर्नाटकात गेले होते. घरी म्हातारी आणि एक गाभण गाय. शिमग्याच्या सुमारास गाय बसली. उपाशी जनावर एकदा बसलं की आपल्या बळावर उठत नाही. पोटाखाली बांबू आणि पोती घालून, दोन्ही बाजूंनी माणसं लागून, ते रोज उभं करावं लागतं. नाही केलं तर ते गेलंच. पूर्वी "गाय बसली!" एवढी हाक पुरायची, जेवणारा खरकट्या हाताने धावायचा. मामा आता दारोदार फिरले. एकाची कंबर धरली होती, एकाचा मोबाइल चार्जिंगला होता. चेअरमन म्हणाले, "मामा, मासिक सभेत विषय घेऊ."

"घे. तवर गाईला दम धर म्हणून सांगतो," मामा म्हणाले आणि तडक देवळात जाऊन त्यांनी भोंगा सुरू केला. "चारा छावणीचे साहेब आलेत. पारूबाईच्या गोठ्यापुढं जनावरांची नोंद चालू हाय. जो येणार न्हाई त्याचं नाव ऱ्हाईल."

धरलेल्या कंबरा सुटल्या. चेअरमन शर्टाची बटणं लावत सगळ्यांच्या पुढे पोचले. "साहेब कुठंयत?"

मामांनी गाईकडे बोट केलं. "ह्या काय बसल्यात. उठवा."

लोक चिडले, मग हसले, आणि आलोच आहोत म्हणून बांबूला लागले. त्या दिवसांत माझा मुक्काम आत्याकडेच होता; बांबू मी उलटा धरला म्हणून मलाही बोलणी बसली. बांबूला उलट-सुलट असतं हे तोवर मला माहीत नव्हतं. गाय थरथरत उभी राहिली. "मामा, तुमच्यावर केस करतो," चेअरमन म्हणाले. "लई झ्याक. पर तवर शेपूट सोडू नको," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गाय पुन्हा बसली होती आणि देवळातल्या भोंग्याच्या खोलीला कुलूप होतं. कुणीतरी गाईचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. त्यावर भराभर जोडलेले हात आले. गाईला लागायला एकही आला नाही. आम्ही दोघं आणि पारूबाई, तिघांना ती हलली नाही. ती आडवी होऊ नये म्हणून मामा तिच्या बरगड्यांना पाठ लावून दिवसभर बसून राहिले आणि, प्रथमच, कुणालाही शिव्या देईनात. संध्याकाळी ती व्याली. कालवड जगली, गाय गेली.

मग मामांनी गावावर सूड उगवला. सकाळ-संध्याकाळ ती कालवड काखेत मारून ते कुठल्याही दारात उभे राहायचे आणि न विचारता तिथल्या दुभत्या गाईच्या आचळाला लावायचे. गाई लाथा झाडायच्या, मालकिणी कडाकडा बोलायच्या, मामा दोन्हीकडचं सोसायचे. चेअरमनच्या जर्सीने मात्र पहिल्याच दिवशी तिला चाटलं. चेअरमन तोंड फिरवून उभे राहिले. तेवढं त्यांच्याकडून झालं.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कालवडीची गाय झाली आहे. दिवेलागणीला चरून परतताना ती पारूबाईच्या घराकडे सरळ जात नाही. प्रत्येक दारात थांबते, मान आत घालते, वाट पाहते. बाया काठी आपटून तिला हाकलतात. "येडी हाय बया," त्या म्हणतात, "हिला आपलं घरच वळखंना."