कानानं लावलेलं टायमिंग

रामनगरच्या नाक्यावरचा तो मिस्त्री इंजिनाचं टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते, कानानंच लावायचा. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि स्वतःशीच म्हणायचा, "आत्ता बोललं." पुढं पुढं मात्र मी काहीही विचारलं तरी तो नुसतं "व्हय, व्हय" म्हणे.

गेल्या उन्हाळ्यात बेळगावहून एकजण शर्यतीची जुनी गाडी घेऊन आला. मी माझी जीप दाखवायला तिथंच थांबलो होतो. मिस्त्रीनं टायमिंग लावलं, उभ्या गाडीचं इंजिन संथ चालावं म्हणून स्लोचा स्क्रू पिळला आणि झालं म्हणून मान डोलावली. पण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन खडखडत होतं. मला ते लांबूनही ऐकू येत होतं. मिस्त्रीनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. मी मान खाली घातली.

त्यानं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"साहेब, बेळगावातच दाखवा. मला ऐकू येत न्हाई."

मालक गाडी घेऊन गेला. मिस्त्री जुन्या टायरवर बसून हात पुसत राहिला. मी मोठ्यानं विचारलं, "मग माझी जीप?"

"तीबी दुसरीकडं ने, तम्मा," तो धाकट्या भावाला सांगावं तसं म्हणाला. "ऐकू आल्यासारखं करून लई दमलो मी."